मामांची काहील आणि माझी मरळ

बसा, सांगतो. पण आधी हातातला चहा संपवा, कारण मागच्या वेळी हीच गोष्ट सांगताना एकानं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा फवारा मारला होता. ऐकणारे नेहमी पोट धरून हसतात. हसा बापडे! माझं म्हणाल तर, इतकी वर्षं झाली तरी ही गोष्ट आठवली की जेवण गोड लागत नाही.

माणसं काय काय बुडवतात हो! कुणी धंदा बुडवतं, कुणी दुसऱ्याचे पैसे बुडवतं. मी सासऱ्याची काहील बुडवली.

काहील म्हणजे काय, ते आताच्या लेकरांना सांगावं लागतं. उसाचा रस आटवून गूळ करायची भली थोरली लोखंडी कढई. कढई कसली, त्यात एक संसार मावेल! उचलायला चार-पाच गडी लागतात. आमचा परभणी जिल्हा तसा कापसाचा, ज्वारीचा. पण पूर्णेच्या काठाला ज्यांचं पाणी उपसायचं इंजिन नदीवर होतं, ते थोडाफार ऊस लावायचे. माझे सासरे त्यांतले. येलदरीच्या धरणाजवळ त्यांचं गाव.

आणि मी कोण? मी सेलूला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माणूस. दिगंबरराव! नवं लग्न, नवी टेरिकॉटची पँट आणि नवाच लागलेला शौक. शौक मासे धरायचा. आमच्या खानदानात कुणी मासा धरलेला नव्हता. खाल्ले मात्र सगळ्यांनी.

झालं काय, माझा दोस्त युनूस मस्कतला ड्रायव्हर होता. तो सुट्टीवर आला आणि माझ्यासाठी एक काठी घेऊन आला. साधी काठी नव्हे बरं का! एकातून एक सरकत लांब होणारी, बुडाशी चाक, चाकाला दांडी. दांडी फिरवली की नायलॉनचा दोरा कर्रर्र करत आत. सोबत एक डबी. डबी उघडून बघतो तर आत खोटे मासे! एक पत्र्याचा, चमच्यासारखा चकाकणारा. एक लाकडाचा, डोळे रंगवलेला. आणि एक रबराचं बेडूक, हिरवंगार, पोटाखाली दोन गळ लपवून बसलेलं.

"युनूस, ह्याला गांडूळ कुठं लावायचं?"

"अरे गांडूळ कायको? मरळ को लगता सच्ची का मेंडक है. आके सीधा गपकन लेती!"

झालं! माझं चित्त थाऱ्यावर राहिना. जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगावर उभा राहून मी बेडूक फेकायचा सराव सुरू केला. हमाल लोक लांबून चालायला लागले. एकदा तर बेडकानं शेठजींच्या डोक्यावरची टोपीच उचलून आणली. शेठजी एवढंच म्हणाले, "दिगंबर, तू काटा बघ बाबा. गळ घरी ठेव."

पण शौक लागलेल्या माणसाला कुणाचं ऐकू येतं का? पुसाची थंडी होती. बायको, म्हणजे कुसुम, हुरड्यासाठी माहेरी गेली होती. तिला आणायला निघालो आणि सोबत काठी घेतली. सेलूहून देवगाव फाटा, तिथून जिंतूर, तिथून येलदरीची गाडी. प्रत्येक एस.टी.त कंडक्टर विचारी, "ही काय बंदूक हाय का हो?" मी नुसतं हसायचो. मान ताठ! मस्कतची काठी होती ना हातात!

मामा गावच्या फाट्यावर बैलगाडी घेऊन आले होते. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. वाटेत त्यांनी गाडी थांबवून उसाचा फड दाखवला. माणसाच्या डोक्यावरून गेलेला ऊस. वारा आला की सळसळ करी.

"बगा जावईबापू, औंदा कसा आलाय! ह्या गुळावर शोभीचं लगीन उरकायचंय. वैशाखात. देवाच्या दयेनं स्थळंबी यायलेत."

शोभी म्हणजे माझी मेव्हणी. कुसुमची धाकटी बहीण. लय गुणाची पोरगी. मी थोरल्या जावयाच्या तोऱ्यात मान हलवली. "होऊन जाईल मामा, फिकीर करू नका." आपणच ह्या लग्नाच्या आडवे पडणार आहोत, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात नव्या जावयाला 'नाही' म्हणत नाहीत. जावई म्हणाला आज ऊन लय हाय, तर चार माणसं सूर्याकडं रागानं बघणार. जावई म्हणाला भाजीत मीठ कमी, तर सासूबाई त्या दिवशी जेवणार नाहीत. आणि जावई रुसला तर? बाबौ! घरावर संकटच. मग रुसवा काढायला काही ना काही द्यावं लागतं. हे सगळं मला माहीत होतं हो. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच बाबतीत चाललंय हे ओळखणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी माझा मेव्हणा बालाजी मला खदानीवर घेऊन गेला. धरण बांधताना जिथनं दगड काढला, ती ही खदान. दगड धरणाला गेला आणि खड्डा गावाला राहिला. पाणी काळंशार. कडेला लव्हाळं माजलेलं. आतल्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी खोल खोल गेलेल्या. मी काठावरून बेडूक फेकलं, ओढलं, फेकलं, ओढलं. एकदा लव्हाळ्यात अडकलं, एकदा बालाजीच्या धोतरात. आणि तेवढ्यात मधोमध पाणी फुटलं, खळ्ळकन! मरळ! मांडीएवढी! बरं, मांडी तुम्ही कुणाचीही धरा.

"बालाजी, अरे नाव असती ना, तर मधी जाऊन हिला बघितलं असतं!"

झालं, एवढंच बोललो. रात्री जेवताना तेच पुन्हा बोललो. नुसतं आपलं हळहळून. मामांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी मामींकडं बघितलं, मामींनी बालाजीकडं बघितलं.

"नाव पायजे का?" मामा म्हणाले.

"नाही हो, आपलं म्हणलं."

"बगू की. बगू."

सकाळी उठून खदानीवर जातो तर काय, काठाशी बैलगाडी उभी आणि गाडीवर काहील! लख्ख घासलेली. चारी बाजूंनी हळदीकुंकवाची बोटं लावलेली, आत एक फूल. मला वाटलं, वा! काय माणसं आहेत! माझ्या पहिल्या जलप्रवासाची पूजासुद्धा केली!

हसू नका. खरंच वाटलं मला तसं.

"मामा, हे काय?"

"तुमची नाव, जावईबापू."

"पण तुम्हाला लागत नसेल ना ही?"

"छ्या! छ्या! तुमच्यापरीस काहील मोठी हाय का?"

गाडीच्या मागं एक काळा, हडकुळा माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. हा किसन गुळव्या. गूळ करण्यात वस्ताद. लांबच्या गावावरून त्याला बोलावून आणलं होतं. तो पुढं आला आणि म्हणाला, "अवो पाटील, पर चुलवान तर आज..."

मामांना एकदम मोठा खोकला आला. खोकला काही थांबेना. गुळव्या बोलायला तोंड उघडी आणि मामा खोकत. मी काळजीनं म्हणालो, "मामा, थंडीचं जपा. आलं टाकून काढा घ्या."

शेताच्या बाजूला तोडलेल्या उसाचा ढीग पडला होता. मला वाटलं, वाळायला टाकला असेल. ऊस वाळायला! सांगा, काय म्हणावं मला? कापसात जन्म गेलेला माणूस मी. तोडलेला ऊस लगेच चरकात घालावा लागतो, नाहीतर त्याचा रस आंबतो, एवढीही अक्कल नव्हती. त्या दिवशी गुऱ्हाळ पेटायचं होतं. पूजा झाली होती ती गुऱ्हाळाची. चुलवणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर, चढवलेली काहील खाली उतरवून माझ्यासाठी आणली होती! आणि मी फूल उचलून कानावर खोवलं.

काहील पाण्यात सोडली. तरंगली हो! छान तरंगली. वल्हं म्हणून रस ढवळायचं लांब दांड्याचं फावडं दिलं. मी पँट वर दुमडून, काठी घेऊन, डबी खिशात घालून आत बसलो. काठावर अर्धं गाव जमलं.

"दाजी, दोरी बांधू का काहिलीला?" बालाजीनं विचारलं.

"दोरी कशाला? गुरं चारायला निघालो का मी?"

लोक हसले. जावयाच्या विनोदाला हसायचंच असतं. बालाजीनं दोरी खाली ठेवली.

आता गोल भांड्यात बसून वल्हवायचं म्हणजे काय प्रकार असतो, तो करूनच बघावा लागतो. फावडं उजवीकडून मारलं की काहील डावीकडं गिरकी घ्यायची. डावीकडून मारलं की उजवीकडं. मी एकदा गावाकडं तोंड करी, एकदा धरणाकडं. दर गिरकीला काठावरचे लोक टाळ्या वाजवत. कसाबसा मधोमध पोहोचलो तेव्हा मला भोवळ यायला लागली होती.

पण शौक हो! काठी उचलली, बेडूक फेकलं. झकास पडलं. हळूहळू ओढायला लागलो. टुक टुक टुक. आणि एकदम हिसका! काठी वाकली, दोरा ताणला, माझ्या अंगावर काटा आला.

"लागली!" मी ओरडलो. "मरळ लागली! बालाजी, मरळ!"

"वढा दाजी!" काठावरून आरोळी आली. बायका हसायला लागल्या, कुणी शिट्टी मारली. मी ओढतोय, मरळ काही हलेना. काय ताकद म्हणावी! मी ओढलं की काहीलच तिकडं जायची. म्हणलं, ही साधी मरळ नाही, ही तर मरळीची आजी! आज गावाला दाखवतोच. आणि उभा राहिलो.

"बसा खाली! मधी बसा!" सगळ्या गावात हे ओरडणारा माणूस एकच, किसन गुळव्या. बाकीचे टाळ्या वाजवत होते. जावई उभे राहिले, म्हणजे काही विचार करूनच राहिले असतील!

मी काठी खांद्यापर्यंत नेली, पाय कडेला टेकवला आणि सगळा जोर लावला. कड पाण्याखाली गेली. गार पाणी गुळगुळ आवाज करत आत आलं. लोखंडच ते. एक क्षणसुद्धा थांबलं नाही. बुडबुड झाली आणि माझ्या पायाखालून काहील निघून गेली.

मला पोहता येतं का? येतं थोडं. पण नायलॉनचा दोरा दोन्ही पायांना गुंडाळला होता. बालाजीनं उडी टाकली, दोरा धरला आणि मला ओढत काठावर आणलं. माझ्यासारखा मासा त्या खदानीत आधी कुणी बघितला नसेल. काठी गेली, डबी गेली. कानावरचं फूल मात्र तसंच होतं, असं कुसुम आजही सगळ्यांना सांगते.

मामांनी धावत येऊन स्वतःचं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. "लागलं का कुठं? थंडी वाजायली का? आरं, चहा आणा रे कुणीतरी!"

"मामा... काहील..."

"जाऊ द्या हो! लोखंडाची ती! तुमचा जीव वाचला, सगळं आलं."

पण बोलताना त्यांची नजर पाण्यावर होती. मग हळूच शेताकडं गेली, त्या तोडलेल्या उसाच्या ढिगाकडं. तेवढ्यात कुसुमनं माझ्या कानाशी येऊन, दात आवळून, सगळं सांगितलं. आज गुऱ्हाळ होतं. काहील चुलवणावर होती. गावात दुसरी काहील नाही. माझं पाणी पाणी झालं हो. अंगावरचं होतंच, आता आतलंही.

गावातले पोहणारे दिवसभर बुड्या मारत होते. काहील एका पायरीवर अडकलेली सापडली. दोरी लावेपर्यंत ती घसरून खालच्या पायरीवर गेली. संध्याकाळी एक जण वर येऊन नाक शिंकरत म्हणाला, "दाजी, तुमची मरळ घावली! बाभळीचं खोड हाय. बेडूक त्याच्यातच रुतलंय." कुणी हसलं नाही. माझ्यासमोर नाही हसलं.

मला वाटलं, आता पळावं. सरळ एस.टी. धरावी आणि सेलू गाठावं. पण त्या काळात विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडं धुमसत होतं. नेमका दुसऱ्या दिवशी बंद होता, रस्त्यावर एक गाडी नाही. मी अडकलो. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. घास उतरेना. मान खाली घालून कोपऱ्यात बसलो.

आता हेच तर माझं चुकलं! जावई जेवत नाही, बोलत नाही, कोपऱ्यात बसलाय, म्हणजे काय? म्हणजे जावई रुसला!

आधी मामी आल्या. "मासा न्हाई घावला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कोंबडं कापते."

"नको मामी."

मग बालाजी आला. त्याच्याकडं नवीकोरी सायकल होती, पुसून पुसून ठेवलेली. "दाजी, सायकल घेऊन जावा. मला काय, पायी चालायची सवय हाय."

"अरे नको बाबा! नको!"

एवढ्या जोरात 'नको' म्हणलं की तो घाबरून मागं सरला. थोड्या वेळानं अंगणात हंबरणं ऐकू आलं. बघतो तर मामा दावणीची दुभती म्हैस सोडून घेऊन आलेले! शिंगांना तेल लावलेलं. "जावईबापू, सायकल काय, लोखंडच ते. ही न्या. घरात दूध होईल."

डोक्याला हात लावला मी. तुमच्या ध्यानात आलं का? त्यांच्या 'हो'मधला 'नको' मला कळला नव्हता. आणि आता मी तोंड फाटेस्तोवर 'नको' म्हणत होतो, तर ते समजत होते की जावयाला ह्याच्याहून मोठं काहीतरी पाहिजे! अजून थोडा वेळ शरमेनं गप्प बसलो असतो, तर त्यांनी जमीन माझ्या नावावर केली असती.

बंद उठला त्या सकाळी काहील निघाली. दोन बैलजोड्या लावल्या, दावी बांधली, अख्खं गाव दोरीला लागलं. "वढा रे! वढा!" काहील पाण्याबाहेर आली आणि दगडाच्या धारेवरून खरडत वर चढली. असा आवाज झाला की माझे दात शिवशिवले. लोकांनी आरोळी ठोकली. मामांनी माझ्याच हातानं नारळ फोडायला लावला. मीही जरा मान वर केली. म्हणलं, सुटलो!

किसन गुळव्या काहिलीच्या पलीकडं वाकला. तिथून त्यानं मला बघितलं. म्हणजे काहिलीच्या बुडातून बघितलं. हाताचा पंजा जाईल एवढं भोक पडलं होतं.

"घ्या!" तो म्हणाला. "आता काय चाळणीत करू का गूळ?"

"किसन, गप," मामा म्हणाले.

"कामून गप? तुमचा जावई हाय, माझा न्हाई! पाटील, तोडलेला ऊस आंबला. फडातला ऊस किती दिस थांबल? मला पुढच्या गावी जायचंय, तिथलं गुऱ्हाळ धरलंय. आन् गुळावर पोरीचं लगीन हाय म्हणत होता ना? ह्यांना इचारा, मरळीवर हुतं का लगीन!"

मामांची मान खाली गेली. खरं सांगतो, त्या माणसाचे शब्द ऐकून मला आधी बरंच वाटलं. त्या गावात कुणीतरी मला शिव्या द्यायला तयार होतं. आणि मग समोर शोभी दिसली. ती घागर घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "असू द्या दाजी. मला तरी कुठं घाई हाय?" हसली, पण ओठ थरथरले. अशी शरम मला जन्मात वाटली नव्हती. पुढंही वाटली नाही.

मला राहवेना. मी सरळ मामांसमोर गेलो आणि पाया पडायला वाकलो. "मामा, माझं चुकलं. मला माफ करा."

आता तुम्ही म्हणाल, बरं केलं. अहो, कसलं बरं! आमच्याकडं सासरे जावयाच्या पाया पडतात. जावयानं पाया पडायचं म्हणजे आक्रीत! मी वाकतोय म्हणल्यावर मामा घाईनं माझ्या पाया पडायला वाकले. दोघांची डोकी अशी आदळली की खदानीच्या पलीकडं आवाज गेला. मामा खाली बसले. मी खाली बसलो. मामींनी हंबरडा फोडला, "अवो, जावयाचा रुसवा अजून गेला न्हाई हो!"

शेवटी कुसुमनं मला बाजूला ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर राग. "तुमी काहीतरी घ्या आता. त्याबिगर हे थांबायचे न्हाईत. म्हशीवरून उद्या बैलावर येतील!"

"पण मी काय म्हणून घेऊ? काहील मी बुडवली ना!"

"म्हणून तर घ्या म्हणते. टॉवेल-टोपी मागा. मानपानात त्याच्याहून कमी काही नसतंय."

मग मी मामांना म्हणालो, "मामा, मला टॉवेल-टोपी द्या. माझा रुसवा गेला." काय त्या माणसाचं तोंड उजळलं! लगेच पाट मांडला. मामींनी कुंकू लावलं. मामांनी आपल्या हातानं टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. बाजूला भोक पडलेली काहील, पलीकडं आंबलेला ऊस, आणि मधी पाटावर मी, टोपी घालून! काहील बुडवल्याबद्दल सत्कार झालेला माणूस जगात दुसरा असेल तर दाखवा. त्या पाटावर बसून मी रडलो. मामींना वाटलं, आनंदानं रडले.

पुढं काय झालं, ते सांगायला नको वाटतं. लोहारानं काहिलीला ठिगळ लावलं, पण रस ठिबकून जाळ विझायचा. शेवटी लांबच्या गावची काहील मोकळी झाल्यावर ती आणली. तोवर उसाला तुरे आले होते, दांड पोकळ झाले होते. गूळ झाला तो काळा, मऊ. ढेपा बसेनात. बाजारात कुणी हात लावीना. त्यातला बराचसा जनावरांनी खाल्ला. वैशाख आला आणि गेला. शोभीचं लग्न एक वर्ष पुढं ढकललं. ज्या घरचं स्थळ पक्कं होत आलं होतं, ते लोक थांबायला तयार झाले नाहीत. ह्या सगळ्यात मला मामा एका शब्दानं बोलले नाहीत. सणाला गेलो की पहिली भाकरी मला, पहिलं पाणी मला. एकदा तरी ते ओरडले असते तर मी मोकळा झालो असतो हो! पण नाही.

दुसऱ्या वर्षी ऊस बरा आला, गूळही बरा झाला. पाथरीकडचं एक स्थळ शोभीला बघायला आलं. थोरला जावई म्हणून मला बैठकीत मामांच्या शेजारी मानाची जागा. शोभी पोहे देऊन गेली. पाहुणे माणसं कामाची दिसत होती. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलाला शेती किती, पाणी कसं, भाऊ किती, हे सगळं मुलीच्या बापानं विचारायचं. सगळे मामांकडं बघायला लागले. मामांनी टोपी काढून हातात घेतली. मग मुलाकडं वळले.

"पावणं, बाकीचं ऱ्हाऊ द्या. एकच इचारतो, खरं सांगा. मासे धरायचा नाद हाय का?"

आत स्वयंपाकघरात कुणीतरी खुसखुसलं. मला आवाज ओळखता आला, माझ्याच बायकोचा होता. मुलगा गोंधळला. "न्हाई जी. मला तर पाण्याची भीतीच वाटती. विहिरीत वाकूनबी बगत न्हाई मी."

मामांनी मांडीवर थाप मारली. "पोरगं पसंत हाय! गूळ वाटा!"

तोंड लपवायला जागा नव्हती. पण थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय त्या घरात काही होत नाही. मामांनी माझ्याकडं वळून हात जोडले. "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

मी मोठ्या मनानं म्हणालो, "मामा, काय सांगू? मुलगा माझ्यापरीस लाख पटीनं चांगला हाय."

आता इथं कुणीतरी 'छे छे, असं कसं, तुमीबी चांगलेच हाव' म्हणायला पाहिजे होतं की नाही? मी थांबलो. मामींकडं बघितलं. बालाजीकडं बघितलं. सगळे 'हो' म्हणून माना डोलवत होते.

मामा नम्रपणे म्हणाले, "तुमी म्हणता म्हंजे खरंच असंल, जावईबापू. तुमच्या शब्दाला आमी न्हाई कसं म्हणावं?"